इव्हिनिंग कधी संपते

मी सातवीत असताना आमच्या इंग्रजीच्या मिसना, त्या दारातून आत येत असतानाच, घरी पाठवून दिलं होतं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. डिसेंबरातले संध्याकाळचे सात वाजले होते आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर काळोख पडला होता. काळोख म्हणजे रात्र आणि रात्र म्हणजे गुड नाइट, इतका सरळ विचार करून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "गुड नाइट, मिस." मिस थांबल्या. पारशी बाई, उंच, कडक इस्त्रीचा फ्रॉक. "मी आत्ताच आले," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि तू मला झोपायला पाठवतेस?" मागे उभे असलेले पालक हसले. त्यांत माझे वडीलही होते. त्यांना विनोद कळला नव्हता, पण सगळे हसतात म्हणून तेही हसले.

घरी जाताना त्यांनी विचारलं, काय झालं होतं. मी रडतरडत सांगितलं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्या वस्तीतून इंग्रजी शाळेत गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे माझी चूक म्हणजे सगळ्या वस्तीची चूक, अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीतून आले की दारातच उभे राहून "गुड इव्हिनिंग" म्हणायचे आणि मी तसंच उत्तर देईपर्यंत चपला काढायचे नाहीत. घरात संध्याकाळची वंदना व्हायची, मग जेवणं, आणि मग अंथरुणावर पडताना "गुड नाइट". आई म्हणायची, हे साहेबाचं खूळ कशाला घरात आणलंत. वडिलांनी ते वर्षभर चालवलं.

आता मी चौपन्न वर्षांची आहे आणि हेच खूळ दुसऱ्यांच्या घरात पेरून पोट भरते. इंदिरानगरात आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजी बोलायचे वर्ग घेते. येणाऱ्या बहुतेक बायकाच. कुणाला मुलाच्या शाळेत बाईंशी बोलायचं असतं, कुणाची सून परप्रांतातली असते. यजमान इगतपुरीला रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. ते वर्गाला मदत म्हणून चहा करतात आणि "सतरा-चाळीसला चहा तयार होईल" असं आतून जाहीर करतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ या भानगडी त्यांनी आयुष्यातून केव्हाच काढून टाकल्या. कधीकधी वाटतं, तेच शहाणे.

कारण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं वेळांवरून होतात. मी एक मोठा तक्ता करून भिंतीला लावला आहे. मॉर्निंग, नून, आफ्टरनून, इव्हिनिंग, नाइट, प्रत्येकासमोर तास. पहिल्याच ओळीला बायका अडतात. रात्री दोनला इंग्रज "टू इन द मॉर्निंग" म्हणतो, हे त्यांना अजिबात पटत नाही. बँकेत काम करणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "दोन वाजता कसली आलीय मॉर्निंग? आमच्याकडे त्या वेळी चोरसुद्धा झोपलेले असतात." मग "पहाट" कुठे गेली, असा प्रश्न येतो. डॉन हा शब्द मी सांगते, पण तो कवितेतला. दूधवाला डॉनला आला असं म्हटलं तर दूधवालाच घाबरेल. "टुडे मॉर्निंग" म्हणायचं नाही, "धिस मॉर्निंग" म्हणायचं. "यस्टरडे मॉर्निंग" मात्र चालतं. "यस्टरडे नाइट"ऐवजी "लास्ट नाइट", पण "लास्ट मॉर्निंग" म्हटलं तर कुणाच्या तरी मरणाची बातमी वाटेल. मॉर्निंग, इव्हिनिंगला "इन" आणि नाइटला "ॲट" का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते एका आजीबाईंनी दिलं. म्हणाल्या, "रात्री माणूस एका जागी असतं ना, म्हणून." मी तेव्हापासून तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी या वर्गात सुरगाण्याकडची एक बाई आली. बत्तीसएक वर्षांची, बारीक, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी. नाशिकच्या एका छोट्या दवाखान्यात ती पेशंटचं सगळं करायची. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. नवरा द्राक्षबागांच्या कामावर टोळीबरोबर गावोगाव फिरायचा. आठ वर्षांची मुलगी कधी गावी आजीपाशी, कधी बापाबरोबर बागेच्या बांधावर. त्या पोरीची दुसरी यत्ता तीन वेळा सुरू झाली होती आणि एकदाही पुरी झाली नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिला सांगितलं होतं, की देवळालीला एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना चोवीस तास सोबत करणारी कुणीतरी पाहिजे. बंगल्याच्या मागे खोली आहे. समोरच्या गल्लीत शाळा आहे. काम पक्कं झालं तर मुलीला जवळ आणता येईल. अट एकच, इंग्रजी पाहिजे. बाई इंग्रजीच बोलतात आणि वेळेला फार कडक आहेत.

"आधीच्या चार जणींना काढलं," ती म्हणाली. "एक सांजचं खोलीत गेली आन् गुड नाइट बोलली. लगेच काढली."

माझ्या हातातला खडू तिथेच थांबला. मी विचारलं, "फ्रॉक घालतात का गं त्या?"

घालत होत्या. पंच्याऐंशीच्या झाल्या होत्या, लग्न केलं नव्हतं, पण आमच्या मिस त्याच होत्या. खरं सांगते, मी त्या बाईला फुकट शिकवायचं ठरवलं त्यात निम्मा चांगुलपणा होता. उरलेला निम्मा सातवीतल्या मुलीचा हट्ट होता. माझ्या हाताखालून गेलेली एक बाई त्या दारातून आत जाणार आणि तिची एकही चूक मिसना सापडणार नाही, या विचाराने मला गुदगुल्या होत होत्या.

तीन आठवडे मी तिला तक्त्यासमोर उभं केलं. ती पाठ करायची, पण तिचं मन तक्त्यावर बसत नव्हतं. तिच्याकडे वेळा तासांच्या नव्हत्याच. दिस कासराभर वर आला, गुरं सुटली, न्याहारी झाली, सावली पायात आली, गुरं फिरली, दिवा लागला, जेवणं झाली, सामसूम झाली. मी म्हटलं, इंग्रजाला गुरं नसतात, घड्याळ असतं. तिने मान डोलावली. थोड्या वेळाने विचारलं, "टीचर, इव्हिनिंग संपती कवा?"

"नऊ वाजता," मी तक्त्यावर बोट ठेवलं.

"मंग साडेनऊला मी खोलीत गेली तर काय बोलू?"

"गुड इव्हिनिंग."

"आन् आठला त्या झोपल्या, मी निघाली तर?"

"गुड नाइट."

ती तक्त्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे घड्याळाचं काय नाय. येताना इव्हिनिंग, जाताना नाइट. माणूस गेलं की इव्हिनिंग संपती."

इतकी वर्षं मी हे शिकवत होते आणि इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. मी तिच्यावर जरा चिडलेच. पण तक्त्यावरचे नऊ वाजता हे शब्द पुसले.

सोमवारी ती देवळालीला गेली. आठवडाभर काम बघायचं, रविवारी मिस हो किंवा नाही सांगणार, असं त्यांच्या मुंबईच्या भाच्याने ठरवलं होतं. मुलीबद्दल ती बोलली होती, पण मिस म्हणाल्या होत्या, आधी आई बघते, पोरीचं मग बघू. पहिले तीन दिवस तिचा रोज फोन आला. सगळं बरोबर चाललं होतं. सकाळी पडदे उघडताना मॉर्निंग, जेवणानंतर आफ्टरनून, चार वाजता चहा नेताना अजून आफ्टरनूनच, सहाला औषध देताना इव्हिनिंग. मी यजमानांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, गाडी अजून प्लॅटफॉर्मला लागली नाही.

गुरुवारी भाच्याचा फोन आला. माणूस सभ्य होता, पण वैतागला होता. तुमची बाई कामाला उत्तम आहे, तो म्हणाला, पण रात्री आंटीशी वाद घालते. रोज रात्री घालते. आंटीचं डोकं उठलंय. रविवारपर्यंत असंच चाललं तर सहावी शोधावी लागेल.

मी तिला फोन लावला. तिने सगळं कबूल केलं. मिसना झोपवून, दिवा मंद करून ती म्हणायची, "गुड नाइट, मॅडम. आय ॲम कमिंग." मिस म्हणायच्या, तू येत नाहीयेस, जाते आहेस. नुसतं गुड नाइट म्हण आणि जा. त्यावर ही म्हणायची, "नो, मॅडम. गोइंग नॉट सेइंग."

"अगं पण का?" मी विचारलं. "तुला जाते म्हणायला कुणी सांगितलंय? नुसतं गुड नाइट म्हण ना."

"गुड नाइट म्हंजे जातेच की, टीचर. आपण तक्त्यावर बघितलं." ती थांबली. "आन् म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी उभं राहून जाते नाय म्हणत. अभद्र असतं. येते म्हणायचं."

मी तिला बजावलं, की हा हट्ट सोड. मुलीची शाळा त्या दोन शब्दांपेक्षा मोठी आहे. ती म्हणाली, "हां, टीचर." तिचा आवाज ऐकून मला कळलं, की ही सोडणार नाही. मग मला स्वतःचीच लाज वाटली. कारण माझ्या घरातून मी आजवर "जाते" म्हणून कधी बाहेर पडलेली नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा तर शेवटच्या दिवशीही मी "येते गं" म्हणूनच घरी अंघोळीला आले होते.

शुक्रवारी मी देवळालीला गेले. यजमानांनी सोळा-वीसची बस सांगितली, ती सोळा-पन्नासला आली. सगळ्या वाटेत मी एकच घोकत होते. साडेपाचला पोचले तर गुड आफ्टरनून की गुड इव्हिनिंग? उन्हं असतील तर आफ्टरनून? हिवाळ्यात लवकर मावळतं, मग? बावन्नाव्या वर्षी, गळ्यात चष्म्याची दोरी घालून, मी कंडक्टरला किती वाजले असं तीनदा विचारलं.

मिस व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या, पण फ्रॉकला इस्त्री होती. मी म्हटलं, "गुड इव्हिनिंग, मिस." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग झाडांवरचं ऊन पाहिलं. "जस्ट अबाउट," त्या म्हणाल्या. म्हणजे काठावर पास. त्यांनी मला ओळखलं नाही. मी गुलाबपाण्याची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, "मी तसं बऱ्याच मुलींना म्हटलं असेन." चाळीस वर्षं मी जे उराशी बाळगलं होतं, त्याचा त्यांच्याकडे मागमूसही नव्हता. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

माझी विद्यार्थिनी चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. तिच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. मी मिसना इंग्रजीत आमची रीत समजावून सांगायला लागले. निघताना जाते म्हणत नाहीत, जाण्याचा उच्चार अशुभ मानतात, म्हणून येते म्हणतात, तिचा उद्धटपणाचा हेतू नव्हता, वगैरे. मी फार छान बोलत होते. मिसनी हात वर करून मला थांबवलं.

"मी इथे पंच्याऐंशी वर्षं राहतेय," त्या म्हणाल्या. "माझी आई दूधवाल्यालासुद्धा आवजो, म्हणजे परत या, म्हणायची. मला ते माहीत नाही असं वाटलं तुला?"

मी विचारलं, की मग त्यांना राग कशाचा येतो.

त्या कपातला चहा ढवळत राहिल्या. मग इंग्रजीतच, पण मघापेक्षा हळू म्हणाल्या, "गुड नाइट स्वच्छ असतं. समोरचा गेला, आपण एकटे, दिवस संपला. मला त्याची सवय आहे. ही म्हणते, येते. आणि मग मी वाट बघत बसते. दाराकडे कान लावून पडून राहते. ती येत नाही. या वयात हे चांगलं नाही."

इंग्रजी भराभर नव्हतं, पण माझ्या विद्यार्थिनीला सगळं कळलं नसावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "म्हणतायत, तू येते म्हणतेस आणि येत नाहीस."

"येते की," ती म्हणाली. तिला पहिल्यांदाच राग आलेला मी पाहिला. "रोज दोनदा येते. सामसूम झाली की एकदा, आन् कोंबडं आरवायच्या आधी एकदा. त्या झोपलेल्या असतात. चष्मा नाकावरच असतो, तो काढून टेबलावर ठेवते. पुस्तक छातीवर असतं, खूण घालून मिटते. पांघरूण घालते. उठवायचं कशाला?"

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मिसनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ते मी करते," त्या म्हणाल्या. "चष्मा रोज सकाळी टेबलावर असतो. मीच ठेवते."

हिला ते वाक्य नीट कळलं असावं, कारण ती चटकन म्हणाली, "यस, मॅडम. यू कीप." आणि मान खाली घातली. मला वाटलं, हे एवढं खोटं हिला कुणी शिकवलं. मी तर नक्कीच नाही.

मिस बागेकडे बघत होत्या. झाडांवरचं ऊन निघून गेलं होतं आणि आता इव्हिनिंगबद्दल कुणाची तक्रार उरली नव्हती. त्यांनी नाक पुसलं आणि शाळेतल्या आवाजात मला विचारलं, "ती येते त्या वेळा काय म्हणालीस? नीट सांग."

"वन्स ॲट नाइट," मी म्हटलं, "अँड वन्स इन द स्मॉल अवर्स."

"स्मॉल अवर्स. करेक्ट," मिस म्हणाल्या. मी लाजले. नातवंडं व्हायच्या वयात मला मिसकडून बरोबरची खूण मिळाली होती. मग त्या माझ्या विद्यार्थिनीकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या, पण तरी त्यांच्या जुन्या इंग्रजीतच. "यू मे कम. बट यू विल वेक मी अँड से सो. अँड द चाइल्ड. संडे. इन द फोरनून. आय विल नॉट हॅव इट अदरवाइज."

एवढं बोलून त्या काठी टेकत आत निघून गेल्या. दार लागलं.

ती जागची हलली नव्हती. संडे तिला कळलं होतं; संडे म्हणजे निकालाचा दिवस. नॉट कळलं होतं. अदरवाइज कळलं नव्हतं, आणि फोरनून तर मी तक्त्यावर कधी लिहिलाच नव्हता. तो शब्द आमच्या लहानपणी परीक्षेच्या वेळापत्रकात असायचा, नंतर कुणी वापरताना मी ऐकला नाही. तिने हळूच विचारलं, "टीचर, मला काढलं का?"

मी म्हटलं, "अगं, मुलीला घेऊन ये म्हणतायत. रविवारी, न्याहारी झाली की. सावली पायात यायच्या आत. आणि रात्री येशील तेव्हा उठव म्हणतायत त्यांना, आल्याचं सांग."

माझ्यासमोर कधी खुर्चीवरही न बसलेली ती बाई व्हरांड्याच्या पायरीवर मटकन खाली बसली. तिने फोन काढला, गावी लावला, पण पलीकडून आवाज आला तरी तिला बोलता येईना. शेवटी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे तिची मुलगी होती, हॅलो हॅलो करत होती. मी तिला विचारलं, रविवारी न्याहारी किती लवकर करता येईल तुला. ती म्हणाली, "आताच करते."